पिसांच्या पोशाखाला अस्तर

२०१७च्या उन्हाळ्यात मी सहा महिन्यांसाठी लेकीकडे कॅनडात स्कारबरोला गेले होते. लेक-जावई सकाळी कामावर गेले की मी खिडकीत बसून समोरचं गॅरेज बघायचे. तिथे गाडी कधीच नसायची. बायका यायच्या, खोकी आत न्यायच्या आणि इतक्या मोठ्याने गाणी लावायच्या, की आमच्या कपाटातल्या वाट्या थरथरायच्या.

"त्रिनिदादची माणसं आहेत," लेक म्हणाली. "ऑगस्टमध्ये त्यांच्या कार्निव्हलची मिरवणूक असते ना, त्याचे पोशाख शिवतात."

शिवतात म्हटल्यावर मला राहवेना. डोंबिवलीत मी वीसेक वर्षं शिवणाचा क्लास चालवला होता. या बायकांना चार गोष्टी शिकवाव्यात, अशा थोर हेतूने मी दुसऱ्या दिवशी रस्ता ओलांडला.

गॅरेजची मालकीण पन्नाशीची, उंच, एरवी शाळेची बस चालवणारी. माझं इंग्रजी तिला कळेना, तिचं मला. "आय टीच स्टिचिंग," असं मी दोनतीनदा सांगितल्यावर ती हसली आणि "मग बसा, आँटी," म्हणत तिने माझ्या हातात गरम डिंकाची पिचकारी दिली. शिवण तिथे फारसं नव्हतंच. चोळ्यांवर टिकल्या चिकटवायच्या, तारेच्या सांगाड्यांना पिसं लावायची. पहिल्याच दिवशी मी स्वतःची ओढणी टेबलाला चिकटवली. एकीने कात्री आणून मला सोडवलं.

तरी मी जात राहिले. दुपारी मऊ पुऱ्यांत छोले भरून त्या खायला द्यायच्या. "तिखट किती?" असं विचारलं की देशाची अब्रू राखायला मी "भरपूर" म्हणायचे आणि मग बराच वेळ डोळे पुसत पिसं लावायचे.

एकदा मालकिणीने मला मणी लावायला एक निळा पोशाख घरी दिला. उघडून पाहिला तर पाठ नाही, पोट नाही, खालच्या भागाबद्दल तर बोलायलाच नको. बिचाऱ्यांना कापड बेतता आलेलं नाही, असं मी ठरवून टाकलं. लेकीच्या घरात एक जास्तीचा निळा सॅटिनचा पडदा होता. त्यातून मी पाठ काढली, पोट झाकलं, कोपरापर्यंत बाह्या लावल्या, खाली झालरीचा घोळदार स्कर्ट जोडला आणि सगळ्याला अस्तर दिलं. माझ्याच कामाकडे मी मान कलती करून कितीतरी वेळ बघत राहिले.

सकाळी तो पोशाख गॅरेजमधल्या टेबलावर पसरला. कुणीतरी गाणं बंद केलं.

"आँटी," मालकीण हळूच म्हणाली, "हा माझ्या आईचा आहे."

तिची आई कोपऱ्यातच बसली होती. सत्तरी ओलांडलेली, हातात काठी. मला वाटलं, बरंच झालं, म्हाताऱ्या बाईला अंगभर कपडा मिळाला. ती उठली, कपड्यांवरूनच तिने तो पोशाख चढवला आणि आरशात बघून शांतपणे विचारलं, "कोण वारलं?"

सगळ्या हसत सुटल्या. मी टेबलावरचे मणी गोळा करायला लागले, ते सांडलेले नव्हते तरी.

म्हातारी माझ्या शेजारी येऊन बसली. "मी या देशात आले तेव्हा लोकांची घरं पुसायचे," ती म्हणाली. "हिवाळाभर कोटात, बाकी वर्षभर गणवेशात. या अंगाने पाच मुलं वाढवली. वर्षातून एक दिवस त्याला ऊन लागू दे."

मी उसवणी घेतली आणि बाह्यांपासून उसवायला सुरुवात केली. ती शिवण ताणून धरून बसली. "शिवलंयस मात्र पक्कं," असं कुरकुरत का होईना, तेवढं एक कौतुक तिने केलं.

मिरवणुकीच्या दिवशी मला पाण्याच्या बाटल्या वाटायचं काम मिळालं. सलवार-कमीज आणि जावयाची टोपी घालून मी गाणी वाजवणाऱ्या ट्रकच्या बाजूने चालत होते. म्हातारी पुढे होती, काठी टेकत, डोक्यावर पिसं, उघडं पोट उन्हात चमकत होतं. तिने मला नाचायला खेचलं. मी लेझमीचे हात केले.

"माश्या हाकलतेस का?" ती म्हणाली. "कंबर हलव."

मी प्रयत्न केला. मागच्या दोघी नाचायच्या थांबून बघू लागल्या. त्यातल्या एकीने काळजीने माझ्या हातातली बाटली उघडून मलाच पाणी पाजलं.

संध्याकाळी घरी आले तेव्हा पाय भरून आले होते आणि गालांना कुणाकुणाच्या अंगावरची चमकी लागली होती. लेक म्हणाली, "आई, आधी आंघोळ कर."

"उद्या करते," मी म्हणाले.