गिलावा न केलेला टाऊन हॉल

बातमीदाराच्या छापलेल्या बातम्या रद्दीत जातात आणि न छापलेल्या गोष्टी डोक्यात साठत राहतात. माझ्याकडे साठलेल्यांपैकी निम्म्या एकाच इमारतीच्या आहेत. आमच्या टाऊन हॉलच्या. हल्ली शहरातली शिकलेली मुलं कॅमेरे घेऊन येतात, त्याच्या उघड्या काँक्रीटवर हात फिरवतात आणि ‘वारसा, वारसा’ म्हणतात. फिरवा हात! पण पन्नासच्या दशकात हाच वारसा पाडायला निघाले होते, तेव्हा त्याच्या बाजूने एक मिस्त्री उभा होता आणि एका साप्ताहिकाचा बातमीदार, म्हणजे मी.

गावाचं नाव लिहीत नाही. बारामतीकरांनी इंदापूर समजावं, इंदापूरकरांनी बारामती. दोघांनाही आनंद होईल.

*

मुंबईच्या एका तरुण आर्किटेक्टने प्लॅन पाठवला. सपाट छप्पर, लांबच लांब खिडक्या, समोर पुढे आलेला काँक्रीटचा सज्जा. कमान नाही, घुमट नाही, नक्षी नाही. नगरपालिकेच्या सभासदांनी प्लॅन उलटासुलटा करून पाहिला.

एकजण म्हणाला, “वरचं शिखर कुठं हाय?”

अध्यक्षांना सगळा गाव आबा म्हणायचा. दीडशे एकर उसाचे धनी. आबांनी प्लॅन उन्हाकडे धरला आणि निकाल दिला, “सायबाचा कागद संपला असंल. वरचं आपुन बसवू!”

हे गावाचे पुढारी! शिखर बसलं नाही, कारण आर्किटेक्टने कळवलं की शिखर बसवलंत तर माझं नाव काढा. नाव काढायचं तर सरकारी मंजुरी पुन्हा आणावी लागली असती. आबांना त्याचा कंटाळा होता. गावाचं सौंदर्य वाचलं ते असं, आळसामुळे!

*

काम घेतलं बावड्याच्या शिवराम मिस्त्रीने. बोलायला कमी, हाताला चोख. स्लॅब ओतून झाला आणि मिस्त्रीने त्यावर मातीचे बांध घालून पाणी साठवलं. काँक्रीट ओलं ठेवलं नाही तर तडकतं, म्हणून हे पाणी तीन आठवडे आटू द्यायचं नसतं.

आबा पाहणीला आले. बांध पाहिले, पाणी पाहिलं आणि त्यांच्यातला बागायतदार जागा झाला.

“शिवा, येड लागलंय का? रोज पानी? आठ दिसाला एक पाळी दे!”

“आबा, ह्यो ऊस न्हाय.”

“मला शिकवतो? मुळं कुजतील रं!”

दुसऱ्या दिवशी विहिरीवरचा पंप बंद. आबांचा हुकूम! आठ दिवसांनी पाळी! मिस्त्रीने तक्रार केली नाही. तो, त्याची बायको आणि बहीण घागरींनी पाणी वर चढवत राहिले. तीन आठवडे. मी ही बातमी लिहिली. संपादक म्हणाले, “यात बातमी काय आहे?” मला अजूनही त्या माणसाचा राग येतो.

*

स्लॅबखालचं सेंट्रिंग, म्हणजे आधाराच्या फळ्या आणि टेकू, काढायच्या दिवशी सगळे सभासद रस्त्याच्या पलीकडे लिंबाखाली जाऊन उभे राहिले. मिस्त्री एकटाच आत. शेवटचा टेकू निघाला, तेव्हा तो बरोबर मध्यभागी मांडी घालून बसला आणि भाकरीचं फडकं सोडलं. कांदा फोडला. सावकाश जेवला.

पलीकडून आबा ओरडले, “शिवा, भ्या वाटत न्हाय का?”

“जेवताना बोलत न्हाय, आबा!”

*

फळ्या निघाल्यावर भिंतींवर लाकडाच्या रेषा जशाच्या तशा उमटल्या होत्या. गाठी, शिरा, सगळं. आर्किटेक्टची सक्त सूचना होती की गिलावा करायचा नाही. सभासद हळहळले. “नवरी बिनहळदीची उभी केली की हो!”

पुढे एक मोठे पाहुणे यायचे ठरले, तेव्हा या हळहळीने जोर धरला. मी गावी नाही असं पाहून सभासदांनी दर्शनी भिंत गुलाबी रंगवली. आबांच्या बंगल्याचा रंग! परत आलो आणि साप्ताहिकात अर्धं पान आग ओकलो. उपयोग शून्य. शिवराम मिस्त्रीने मात्र काहीच लिहिलं नाही. काथ्या आणि पाण्याची बादली घेऊन तो भिंत घासायला बसला. चार दिवस घासत होता.

जाता-जाता एका सभासदाने टोमणा मारला, “मिस्त्री, भिंत हाय का म्हस?”

मिस्त्रीने मागे वळूनही पाहिलं नाही. “म्हशीला कुणी गुलाबी रंग देत न्हाय, राव. तिचं नशीब चांगलं.”

*

इथे आमच्या नगरपालिकेच्या हेडक्लार्कची ओळख करून द्यायला हवी. दामूअण्णा. एकदा सभेतलं एक वाक्य इतिवृत्तात लिहायचं राहिलं म्हणून त्यांना वरून ठपका आला होता. तेव्हापासून ते अध्यक्षांच्या तोंडून निघालेला शब्दन्‌शब्द लिहीत. मी स्वतः वाचलंय : “अध्यक्ष म्हणाले, ह्या खिडकीतनं लई माशा येत्यात. सभेने नोंद घेतली.” एकदा लिहिलेलं दामूअण्णा खोडत नसत. आबांनी दरडावलं तरी नाही.

*

मग कुणाच्या तरी लक्षात आलं की ही जागा भर रस्त्यावर आहे. हॉल पाडला तर दुकानांचे गाळे निघतील. पण धडधाकट इमारत पाडायची कशी? सोपं आहे. एका सभासदाने आपल्या डाळजच्या मळ्यातला कांदा गच्चीवर सुकत घातला. पालापाचोळ्याने पाण्याची तोंडं तुंबली, पावसात एका कोपऱ्यात ओल आली. लगेच ओळखीतला ओव्हरसियर आला, खालूनच मान वर करून पाहिलं आणि रिपोर्ट दिला. दारावर पाटी लागली : ‘इमारत धोकादायक. आत जाऊ नये.’

शिवराम मिस्त्रीने ती पाटी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

“म्हंजी मी कच्चं काम केलं, असं गावाला सांगत्यात?”

“तसंच.”

तो उठला. गच्चीवर गेला, तुंबलेली तोंडं मोकळी केली आणि घरी गेला. पुढच्या पावसात ओल आली नाही. पाटी मात्र तशीच!

*

ठराव क्रमांक सात : टाऊन हॉलचा स्लॅब धोकादायक असल्याने इमारत पाडणे. आता ही सभा भरली कुठे? त्याच हॉलमध्ये! पाटीखालून सगळे सभासद आत गेले आणि त्याच स्लॅबखाली ऐसपैस बसले. मी पत्रकारांच्या बाकावर दात-ओठ खात होतो. दामूअण्णांची लेखणी चालू होती.

ठराव वाचला जाणार, एवढ्यात दारातून शिवराम मिस्त्री आत आला. खांद्यावर सागाचा टेकू, हातात पाचर आणि हातोडा. सरळ व्यासपीठावर चढला, आबांच्या खुर्चीशेजारी टेकू उभा केला आणि वर स्लॅबला लावून बघू लागला.

आबा दचकले. “ए शिवा! ह्ये काय?”

“स्लॅब धोक्याचा हाय म्हनं, आबा. बाकीच्यांचं जाऊ द्या. तुमच्या खुर्चीपुरता टेकू आनलाय.”

त्याने पाचरीवर पहिला ठोका घातला. मागच्या बाकांवर लोक फिसकन हसले. आबांचा चेहरा लालबुंद झाला. ताडकन उठून ते गरजले, “मला टेकू? मी काय पडाय लागलोय का? काढ ते लाकूड! काय धाड भरलीय ह्या स्लॅबला? हत्ती नाचवला वर तरी शंभर वर्सं हलायचा न्हाय!”

सगळ्या माना दामूअण्णांच्या वहीकडे वळल्या.

दामूअण्णांनी ओळ पूर्ण केली, लेखणी दौतीत बुडवली आणि चष्म्यावरून पाहत अगदी अदबीने विचारलं, “आबा, हे ठराव सातच्या आधी घेऊ, का नंतर?”