मेन स्विच बंद होता

निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. नावं विसरतो, कलमं विसरतो, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतो. पण त्या घरातला खाली पाडलेला मेन स्विच मात्र जसाच्या तसा डोळ्यांपुढे येतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. हादरलो तो या एका प्रकरणात. नावं कुणाचीच देत नाही, कारण माणसं अजून त्याच गावात राहतात.

मी मूळचा फलटणकडचा, उसाच्या आणि पाटाच्या पाण्याच्या मुलखातला. शेवटच्या वर्षांत बदली झाली ती जत तालुक्यात. तिथे मार्चपासूनच माणसं आभाळाकडे बघायची सोडून टँकरच्या रस्त्याकडे बघत बसतात. एप्रिल होता. सकाळची हजेरी आटपून मी चहाचा कप उचलला, तोच एका गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला. एक बाई फ्रीज पुसताना शॉक लागून गेली म्हणाले. मी म्हटलं, हवालदाराला पाठवतो, अकस्मात मृत्यूची नोंद करू. त्यावर पाटील घुटमळले.

"तुमी सोता या सायेब. घरातला मेन बंद हाय."

गेलो. एकाच अंगणात मधोमध भिंत घालून केलेली दोन घरं होती. तीन वर्षांपूर्वी दोघा भावांच्या वाटण्या झाल्या, त्या अशा की कडुलिंब तोडून त्याची लाकडंही तराजूवर घातली. भिंतीच्या अलीकडे धाकटा, पलीकडे थोरला. मीटर दोन, दारं दोन, आणि भावाभावांत तेव्हापासून शब्द नाही.

मेलेली बाई धाकट्याची बायको. वय तिशीच्या आत. फ्रीजसमोर ओल्या फरशीवर पडली होती, हातात ओलं फडकं, पायांत काही नाही. उजव्या तळहातावर भाजल्यासारखा डाग होता. फ्रीजची पिन सॉकेटमध्येच होती, पण मेन स्विच खाली पाडलेला. लाइनमनने येताच अख्ख्या गल्लीचा पुरवठा तोडला होता, त्यामुळे आमच्या टेस्टरला कुठेच काही लागलं नाही. मेन मात्र त्याच्या आधीपासून खाली होता. पाटलांनी आणि शेजारच्या दोघांनी तो तसाच पाहिला होता.

धाकटा ओट्यावर बसून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता. टँकर आला म्हणून तो पिंपं भरायला बाहेर गेला. जाण्याआधी स्वतःच्या हाताने मेन पाडून गेला. "ती शॉकला लय भ्यायची सायेब. मीच म्हणलं, मेन पाडतो, मग पूस."

डॉक्टरांनी विजेच्या धक्क्यानेच मृत्यू असं तोंडी सांगितलं तेव्हा मी चक्रावलो. घरात वीज नाही आणि बाई विजेने मेली. मग वीज कुणीतरी बाहेरून आणली असली पाहिजे. पोलिसाचं डोकं यापलीकडे जात नाही, माझंही गेलं नाही.

त्यात गावातल्या एका तरुणाने मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. वाटणीच्या दिवशीचं भांडण होतं. त्यात थोरला हात उगारून धाकट्याला म्हणत होता, तुझ्या घरात दिवा लावायला कुणी ऱ्हाणार न्हाई. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं रागात बोललेलं असतं. पण समोर प्रेत असलं की असल्या बोलण्याला वजन येतं.

दुपारी ठाण्याच्या फोनवर खबर आली. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही, आणि तो कोण होता ते पुढेही कळलं नाही. भिंतीवर गोवऱ्या रचल्यात, त्याच्या खाली बघा, एवढंच म्हणाला.

गोवऱ्या उचलल्या आणि खाली हिरवी वायर निघाली. एक टोक थोरल्याच्या घरात त्याच्या बोर्डापर्यंत गेलेलं. दुसरं धाकट्याच्या परसात उतरून अर्थिंगच्या खड्ड्यात, म्हणजे जमिनीत पुरलेल्या त्या पत्र्याला जोडलेलं, जिथून धाकट्याच्या फ्रीजची, गिझरची अर्थिंग निघत होती. पंचांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. चोरून वायर, तीही झाकलेली, आणि वर तो धमकीचा पुरावा. मला वाटलं, संध्याकाळच्या आत प्रकरण निकाली निघालं.

थोरल्याला चौकशीला ठाण्यात आणलं. पन्नाशीचा, मेंढरं राखून हाडं वाळलेला माणूस. वायर कुणी ओढली? ठाऊक नाही. गोवऱ्या कुणी रचल्या? बायकोने, पण त्या दरसाल तिथेच रचतात. धमकी दिली होती का? दिली होती. मग वायर कुणाची? ठाऊक नाही. चौथ्यांदा तेच उत्तर आलं तेव्हा माझा हात उठला. हे लिहायला मला आवडत नाही, पण लिहायलाच हवं. त्याने गालावर हात ठेवला नाही की तक्रार केली नाही. "मला म्हाईत असतं तर सांगितलं असतं की," एवढंच बोलला. तीस वर्षं माणसं वाचणारा मी, मला तो पक्का बेरड वाटला.

दुसऱ्या दिवशी अटकेचे कागद तयार करत होतो. आमची महिला शिपाई दोन्ही घरांच्या पंचनाम्याचे फोटो लावून घेत होती. ती एकदम थांबली. म्हणाली, साहेब, मेलेल्या बाईच्या पलंगावर मोरपंखी ब्लाउज आहे, साडी नाही. आणि थोरल्याच्या घरात टेबलावर मोरपंखी साडी आहे, इस्त्रीखाली अर्धी पसरलेली.

धाकटी त्या दिवशी संध्याकाळी माहेरी बारशाला जाणार होती, ते आम्हाला माहीत होतं. मग तिची साडी थोरल्या दिराच्या घरात कशी? तीन वर्षं दोन घरांत बोलणं नाही. माझ्या मनात जे आलं ते पोलिसाच्याच मनात येतं. मी थोरल्यासमोर जाऊन ते बोललोही. विचारलं, तुझं आणि तिचं काय होतं?

काल मार खाऊन न हललेला माणूस त्या प्रश्नाने खाली बसला. "लेकीसारखी हुती वं ती," म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागला. मला तेही सोंग वाटलं.

बाहेर बाकावर थोरल्याची बायको सकाळपासून नवऱ्याचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. दारं-खिडक्या उघड्या, माझा आवाज मोठा. तिने सगळं ऐकलं. आदल्या दिवशी जबाबात ती फक्त मान हलवत होती. आता ती उठून सरळ माझ्या खोलीत आली.

"त्यास्नी असं बोलू नगा. ती साडी मी आणली. वायर बी मीच घेतली. ह्यांला कायबी ठावं न्हाई."

महिला शिपाईला बसवून जबाब घेतला. भाऊ बोलत नव्हते, जावा बोलत होत्या. नवरे घराबाहेर पडले की भिंतीपाशी यायच्या. कालवण इकडून तिकडे, औषधाची गोळी तिकडून इकडे. थोरल्याने बायकोला बजावलं होतं, भिंतीपलीकडं बोललीस तर माहेरचा रस्ता धरायचा. म्हणून सगळं चोरून. वाटण्यांत सगळं मोजलं, पण अर्थिंगचा खड्डा धाकट्याच्या बाजूला राहिला हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. वर्षभरापूर्वी थोरल्याच्या घरात दिवे मंद व्हायला लागले. नवरा मेंढरांमागे गेलेला असताना थोरलीने बाजारातून वायरमन आणला. तो म्हणाला, तुमच्याकडे अर्थिंगच नाही, शेजारून घ्या. थोरली भिंतीपाशी गेली. धाकटी म्हणाली, आक्का, खड्डा काय माझ्या बापाचा हाय व्हय? तिने स्वतः वायरचं टोक भिंतीवरून ओढून घेतलं, स्वतः वायरमनला खड्डा दाखवला. आणि नवऱ्यांना दिसू नये म्हणून दोघींनी मिळून वर गोवऱ्या रचल्या.

"मग हे कालच का नाही सांगितलं?"

"त्या वायरीत करंट नसतोय, असं वायरमन म्हणला हुता. मग तिच्यानं माणूस मरतंय कसं?"

तोच प्रश्न मी कागदावर घालून वर पाठवला. सांगलीहून विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयातले एक अधिकारी तपासणीला आले. कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी थोरल्याच्या घराचा बोर्ड उघडला आणि आत बोट दाखवलं. न्यूट्रलची पट्टी वेगळी, अर्थिंगची वेगळी, आणि दोन्हींना जोडणारा बोटभर तांब्याच्या तारेचा तुकडा. मग त्यांनी लाइनमनला खांबावर चढवलं. थोरल्याच्या घराला येणारी न्यूट्रलची तार वर जोडापाशी तुटली होती. वारा लागला की हलत होती.

मला त्यांनी शेतकऱ्याच्या भाषेत समजावलं. फेज म्हणजे पाणी आणणारा पाट. न्यूट्रल म्हणजे ते परत नेणारी चारी. अर्थिंग म्हणजे सांडवा. तो एरवी कोरडाच हवा, काही बिघडलं तरच त्यातून पाणी वाहावं. इथे न्यूट्रल कमजोर झाली म्हणून दिवे मंद. वायरमनने ती दुरुस्त करायची सोडून सांडव्याला जोडून दिली. दिवे लख्ख झाले, त्याने पैसे घेतले, सगळे खूश. न्यूट्रल पुरती तुटली तेव्हा थोरल्याच्या घरातली सगळी वीज त्या हिरव्या वायरीतून धाकटीच्या खड्ड्यात जायला लागली.

"खड्डा ओला असता तर कदाचित निभावलं असतं," ते म्हणाले. "हा ठणठणीत कोरडा आहे."

त्यावर थोरली हळूच बोलली. धाकटी दर सोमवारी त्या खड्ड्यात कळशीभर पाणी घालायची. उन्हाळ्यात टँकरचं पाणी मोजून मिळायला लागलं, तेव्हापासून घातलं नव्हतं.

मग त्यांनी चाचणी घेतली. गल्लीचा पुरवठा चालू केला. धाकट्याच्या घरात मेन खालीच ठेवला. टेस्टर माझ्या हातात दिला आणि फ्रीजच्या पत्र्याला लावायला सांगितला. टेस्टरचा दिवा लागला नाही. त्यांनी भिंतीपलीकडे हाक मारली. तिथे आमच्या हवालदाराने इस्त्रीचं बटण दाबलं.

माझ्या हातातला टेस्टर पेटला.

समोर मेन स्विच खाली पाडलेला होता आणि फ्रीजचा पत्रा जिवंत होता. धाकटा माझ्या शेजारी उभा होता. तो त्या मेनकडे बघत होता, मग टेस्टरकडे, पुन्हा मेनकडे. अधिकारी म्हणाले, मेन पाडला की फेज आणि न्यूट्रल तुटते. अर्थिंगची वायर त्या स्विचमधून जातच नाही. धाकट्याने ते ऐकलं की नाही कोण जाणे.

दारात थोरली उभी होती. सगळं तिनेही पाहिलं होतं. ती एका दमात सांगत गेली. धाकटीचा मेन पाडलेला, म्हणून तिने साडी भिंतीवरून दिली, आक्का, जरा इस्त्री करून दे म्हणाली. हिने इस्त्री लावली. पंखा मंद झाला, इस्त्री तापेना. ही इस्त्री तशीच चालू ठेवून तापायची वाट बघत बसली. मग तापली म्हणून अर्धी साडी केली, तोवर पलीकडून ओरडा ऐकू आला.

"बटण मी दाबलं सायेब. मला धरा."

कायद्याने तिचा काही गुन्हा नव्हता. ते मी सांगितलं, आणि ते शब्द मलाच पोकळ वाटले. ती जागेवरून हलली नाही. शेवटी धाकटा पुढे झाला, तीन वर्षांत पहिल्यांदा तिच्याशी बोलला. "वयनी, घरात चला," एवढंच.

गुन्हा नोंदवला तो वायरमनवर, निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा. त्याला ठाण्यात आणलं तर तो खरोखर गोंधळलेला होता. अर्थिंग काय आणि न्यूट्रल काय, शेवटी दोन्ही जमिनीतच जातंय की, असं म्हणत होता. आजवर किती घरांत असं जोडून दिलंय, विचारलं. त्याने बोटं मोजायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला. त्याने आठवून सांगितलेली सगळी घरं आम्ही लाइनमनला घेऊन फिरलो. दारोदार बोर्ड उघडून तारेचे तुकडे काढणं हे पोलिसाचं काम आहे का, अशी वरून विचारणा झाली. मी पुढचं दार ठोठावलं.

थोरल्याला सोडताना मी उभा राहिलो आणि चुकलं म्हणालो. त्याने हात जोडले. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, ते सांगायला सोपं आणि पचायला अवघड आहे. त्या भिंतीवर मी दोन दिवस वैर शोधत होतो. लपवलेलं दिसलं की पाप असणार, हे माझ्या अंगात इतकं मुरलं होतं की दोन बाया माया लपवत असतील हे माझ्या डोक्यात आलंच नाही. साप साप म्हणून भुई धोपटत होतो, आणि ती भुई म्हणजे एका निर्दोष माणसाचा गाल होता. त्या दिवशी ठाण्यातून घरी गेल्यावर मी आधी स्वतःच्या घराचा बोर्ड उघडून घेतला. तुम्हीही जाणत्या माणसाकडून उघडून घ्या, एवढं सांगायचा अधिकार मला या प्रकरणाने दिला असं मी समजतो.

निकाल लागायला वेळ गेला. मुद्देमालातली मोरपंखी साडी परत द्यायचा हुकूम आला तेव्हा माझ्या निवृत्तीला थोडेच दिवस राहिले होते. साडी न्यायला दोघे भाऊ एकाच मोटारसायकलवरून आले. भिंतीला मधोमध दार पाडलंय, चूल एकच झाली आहे, असं थोरल्याने सांगितलं. खड्डे दोन केले आहेत, आणि वहिनी दर सोमवारी दोन्हींत कळशी ओततात, असं धाकटा म्हणाला. पावतीवर त्याने सही केली, साडी न उलगडता पिशवीत ठेवली.

कचेरीच्या कामाला यायचं म्हणून दोघांनीही धुतलेले पांढरे सदरे घातले होते. दोन्ही सदरे बिनइस्त्रीचे, चुरगळलेले होते.