गावदर्शनाची कॅसेट

त्या लॉजच्या मालकाला मी अजून माफ केलेलं नाही. आता तो थकला आहे, काठी टेकत चालतो, बाजारात समोर आला की नमस्कार करतो. मी भाजी निवडत राहते.

माझे बाबा आदिलाबादच्या तहसील कचेरीत नकलनवीस होते. जमिनीचे जुने उर्दू कागद समोर ठेवून त्यांची हातानं नक्कल उतरवायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. घरीही ते दिवसाला दहा वाक्यं बोलत नसत. निवृत्त झाल्यावर मात्र ते पाहुण्यांना गाव दाखवायला लागले आणि माणूस बदललाच. नागपूर-हैदराबाद रस्त्यानं जाणारी मंडळी बसस्टँडजवळच्या त्या लॉजवर मुक्काम करायची. ज्यांना हौस असेल त्यांना बाबा सकाळी सहाला पायी घेऊन निघत. जुनी कापूसपेठ, जिनिंग, तळ्याचा बांध आणि शेवटी लॉजच्या मागची पायऱ्यांची दगडी बारव. वाटेत जंगलातून टोपल्या घेऊन आलेल्या बायांकडून सीताफळं घ्यायची, खायची आणि बिया बांधावर टाकायच्या. रस्त्यात कागदाचा कपटा टाकलेला त्यांना खपत नसे. कुणी रिक्षा करू का म्हणालं की म्हणत, "पायानं पाहा. बसून पाह्यलेलं गाव ध्यानात राहत नाई." ते पैसे घेत नसत. ऐकणारं माणूस मिळालं की त्यांना सगळं मिळालं, आणि परत येताना त्यांचा चेहरा असा काही उजळलेला असायचा की मला शाळेत शिकवायला जायला उशीर झाला तरी मी दारात थांबायची.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लॉजच्या मालकानं मिनीबस घेतली. आत टेपरेकॉर्डर, मागे दोन स्पीकर. एका दुपारी त्यानं बाबांना बोलावून घेतलं, सरबत दिलं आणि समोर यंत्र ठेवलं. "काका, तुमी नुसते बोलत राहा. तुमचं बोलणं जपून ठेवाचं हाय." बाबा हरखले. कॅसेटची एक बाजू भरेपर्यंत बोलले. पुढच्या रविवारी इस्त्रीचा सदरा घालून लॉजवर गेले, तर मिनीबस पाहुण्यांना घेऊन निघाली होती आणि आतून बाबांचाच आवाज येत होता. ते घरी आले, सदरा काढला आणि घडी घालून पेटीत ठेवला.

मी भांडायला गेले. मालक हसला.

"काऊन चिडता ताई? नवा जमाना हाय. काका आता घरी बसून गाव दाखवून राह्यले, पाय तरी दुखनार नाईत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मनात गाठ मारून ठेवली.

एकदा रेल्वे फाटकावर ती मिनीबस माझ्या रिक्षेशेजारीच अडकली. फाटक बंद, गाडी उभी, पण कॅसेट कुणासाठी थांबते? बाबा आतून सांगत होते, "उजव्या हाताला तळं पाहा." पाहुण्यांनी उजवीकडे पाहिलं. तिथं पंक्चरचं दुकान होतं. मग दोघं-तिघं झोपले, आणि एकानं चहाचा प्लास्टिकचा पेला खिडकीतून टाकला. बारवेकडे तर आता कुणी उतरतच नव्हतं, म्हणून लॉजचा सगळा कचरा त्या बारवेत जायला लागला.

काही महिन्यांनी कॅसेटची फीत यंत्रात गुंतली. निर्लज्जपणाची कमाल अशी की मालकानं ती नीट करायला आमच्याच घरी पाठवली. काकांचा हात हलका म्हणे! बाबांनी पेन्सिल घालून तासभर एकेक वळसा सोडवला. फीत उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, "यात मी हाय म्हनतात." आमच्याकडे टेपरेकॉर्डर नव्हता.

"मी लॉजवर देऊन येते," असं म्हणून मी ती पिशवीत टाकली.

मी ती आधी शाळेत नेली. तिथं धडे ऐकवायला टेपरेकॉर्डर होता. कॅसेटवर पुन्हा काही भरता येऊ नये म्हणून मालकानं तिच्या मागच्या खिट्ट्या मोडल्या होत्या. मी त्या भोकांत कागदाचे बोळे कोंबले, मोकळ्या तासाला रिकाम्या वर्गात एकटीच बसले आणि रेकॉर्डिंगच्या दोन्ही कळा दाबल्या. "मंडळी, गाडी थांबवा आणि खाली उतरा. लॉजच्या मागं जाऊन बारव बघा, नाकाला रुमाल लावून. ज्या माणसाचा आवाज ऐकवून तुम्हाला फिरवतात, तो दोन गल्ल्या पलीकडे जिवंत आहे आणि त्याचे पाय शाबूत आहेत." घराचा पत्ताही सांगितला. चार मिनिटांत माझं बोलणं संपलं. फीत पुष्कळ उरली होती. त्या माणसाच्या हाती बाबांचा एक शब्दही राहू द्यायचा नव्हता, म्हणून कळ तशीच दाबलेली ठेवली आणि बाजू संपेपर्यंत वह्या तपासत बसले. मग कॅसेट लॉजवर नेऊन दिली, हसून.

त्या रविवारी मालक स्वतः बसमध्ये होता, कारण यवतमाळहून त्याचे होणारे व्याही आले होते. गाडी सुरू झाली, कॅसेट सुरू झाली. मी समोरच्या पानाच्या ठेल्याजवळ मुद्दाम उभी होते. मागच्या बाकावरून वाट काढत तो बंदच्या कळेपर्यंत पोचला तोवर बारवेपासून पत्त्यापर्यंत सगळं ऐकून झालं होतं. व्याही खाली उतरले, बारवेत डोकावले आणि नाक धरून मागे फिरले. मालकाचा चेहरा पाहून मला जे समाधान वाटलं ते खोटं कशाला सांगू? पोटभर वाटलं. चार-पाच जण विचारत विचारत आमच्या दारी आले. बाबांनी पेटीतून सदरा काढला, चपला घातल्या आणि निघाले.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, "पोरी, माह्यं बोलणं कुठी गेलं मग?"

"पुसलं."

"दुसरी प्रत काढली होती?"

कचेरीतला त्यांचा नेमच होता तो. नक्कल निघाल्याशिवाय अस्सल कागदाला ते कुणाला हात लावू देत नसत. मी नाही म्हणून मान हलवली. "काही नाई," ते म्हणाले, "मले एकदा ऐकाचं होतं."

पुढची तीन वर्षं त्यांनी गाव पायीच दाखवलं. मग गेले. तेराव्याला मालक आला. मी पाणीसुद्धा विचारलं नाही. त्यानं खिशातून रुमालात गुंडाळलेली कॅसेट काढली.

"त्या दिवशी बंद केली ती पुन्हा लावली नाई, ताई. पयले तुमचं हाय, पन पुढं काकाच असतीन. म्हनून जपून ठेवली."

त्यानं ती गटारात फेकली असती तर बरं झालं असतं.

मी टेपरेकॉर्डर विकत आणला. चार मिनिटं माझाच चिडका आवाज. मग वह्यांची पानं, कावळे, शेजारच्या वर्गातले पाढे. शेवटी शाळेची घंटा वाजते आणि कळ खटकन वर येते. त्या माणसावरचा राग मी सोडलेला नाही. तो सोडला तर सगळा माझ्याच वाट्याला येईल.