सवलतीसाठी फोन करा

भाव करणारं गिऱ्हाईक मला आवडतं. मुकाट्याने पैसे काढून देणाऱ्याविषयी मला पहिल्यापासून संशय. पंचवटीत राहत होतो तेव्हा मी घराच्या ओट्यावरूनच नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड विकायची. बायका यायच्या, पाकीट उलटंसुलटं करून बघायच्या, नाक मुरडायच्या आणि म्हणायच्या, "एवढ्याला? सोन्याचा वर्ख लावलाय का?" मी म्हणायची, "मग घरी लाटा की, हात कोणी धरलेत?" असं अर्धा तास चालायचं. शेवटी मी थोडी उतरायची, ती थोडी चढायची, आणि जाताना एक भाजलेला पापड तिच्या हातावर ठेवायचा. भांडण म्हणाल तर भांडण, गप्पा म्हणाल तर गप्पा. त्यासाठीच तर मी भाव मुळात जरा चढा सांगायची. उतरायला जागा नको? आमच्याकडे भाजीवालीपासून साडीवाल्यापर्यंत सगळे तेच करतात.

मग हे गेले. मुलगी लग्न होऊन हैदराबादला गेलेलीच होती. त्यातून मी एकदा जिन्यात पडले. झालं! मुलीने ठरवून टाकलं की आईने लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये राहायचं. तशी मी पाथर्डी फाट्याला पाचव्या मजल्यावर आले. फ्लॅट चांगला आहे, उजेड आहे, पाण्याची कटकट नाही. फक्त दार लावलं की ते लावलंच. समोरचे दोघं नवराबायको कामाला जातात, त्यांच्या दाराशी दिवसभर पार्सलं पडलेली असतात. सुरुवातीला तर मी कुकरशी बोलायला लागले होते. हसू नका. तो शिट्टी तरी देतो.

मुलीला काय कळलं कोण जाणे, तिने एकदा फोनवर सांगितलं, "आई, तुझे पापड आपण ऑनलाइन विकू." तिने हैदराबादेत बसून दुकान मांडलं, फोटो टाकले, पैसे घ्यायची सोय केली. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. माझं काम एवढंच, की पेठकडची नागली मागवायची, उकड काढायची, पापड लाटायचे, गच्चीवर कबुतरांशी झुंजत ते वाळवायचे आणि मोबाइल टिंग वाजला की पाकीट बांधायचं. कुरियरवाला दारात उभ्याउभ्या म्हणायचा, "मावशी, ओटीपी." एवढंच संभाषण. पाणी देते म्हटलं तरी तो पुढच्या दाराकडे पळालेला असायचा.

आणि त्या दुकानातही मी भाव माझ्या सवयीने लावले होते, म्हणजे उतरायला जागा ठेवून. आठवड्याभरात मुलीचा फोन आला. "आई, लोक पापड टोपलीत टाकतात आणि तसेच सोडून जातात. भाव जास्त वाटतोय त्यांना."

"मग विचारायचं ना! कमी करा म्हणायचं. मी काय खाणार होते त्यांना?"

"आई," ती म्हणाली, "वेबसाइटशी भाव कोण करतं?"

त्या वाक्याने मला एकदम रडू आलं. पापडांसाठी नाही. इतकी माणसं माझ्या दाराशी येऊन, माल हातात घेऊन, एक शब्द न बोलता निघून जात होती आणि मला पत्ताच नव्हता.

यावर उपाय म्हणून तिने मला कुपन कोड शिकवला. रविवारी व्हिडिओ कॉल लावून बसवलं. कोडला नाव द्यायचं, टक्के कमी करायचे की रुपये ते ठरवायचं, कमीत कमी किती खरेदी हवी, कोड किती वेळा चालेल, कधी संपेल, असे एकेक रकाने भरायचे. मला ते पटकन जमलं. पापडाचं पीठ मळण्यापेक्षा सोपं आहे. शेवटी ती म्हणाली, "आता हा कोड पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात टाक, म्हणजे लोकांना दिसेल."

मी हो म्हटलं. पण कोड सगळ्यांना दिसला तर भाव काय करायचा, कपाळ? मी पहिल्या पानावर लिहिलं, "सवलतीसाठी फोन करा. दुपारी दोन ते चार झोपलेली असते." आणि खाली माझा नंबर.

अहो, फोन यायला लागले! सातपूरच्या कंपनीत रात्रपाळी करणारा एक जण यायचा घरी सकाळी आणि झोपायच्या आधी फोन करायचा. पुण्यात हॉस्टेलला राहणारी एक मुलगी वीस टक्क्यांसाठी लाडीगोडी लावायची. मी प्रत्येकाला वेगळा कोड करून द्यायची. जो नेटाने भांडेल त्याला जास्त सवलत. एक गृहस्थ फार सभ्य होते, "आपण द्याल ते" म्हणाले. त्यांना पाच टक्के दिले. न भांडणाऱ्याला आणखी काय द्यायचं?

या सगळ्यांत माझ्या खऱ्या तोडीच्या म्हणजे इंदूरच्या बाई. माझ्याच वयाच्या, माहेर नाशिकचं, लग्न होऊन तिकडे गेल्या त्या तिकडच्याच झाल्या. दर बुधवारी जेवणं उरकली की त्यांचा फोन. दोन पाकिटं घ्यायच्या आणि भाव असा करायच्या, जसा काही ट्रकभर माल उचलणार आहेत.

"माहेरवाशिणीकडून इतके पैसे घेता? काही रीतभात आहे की नाही?" त्या म्हणायच्या.

"माहेरवाशीण म्हणवता तर येऊन घेऊन जा. साडीचोळी करते. कुरियरने कसली आलीय माहेरवाशीण?"

"आणा, गुडघे आणा नवीन. आत्ता निघते."

मग गुडघ्यांवरून सुनेवर, सुनेवरून गोदावरीच्या पुरावर, पुरावरून पुन्हा पापडावर. मी विचारायची, मागचे कसे झाले? त्या म्हणायच्या, "हलके. तोंडात विरघळतात." मला बरं वाटायचं. गच्चीवर पापड वाळले की एकसारखे, कडा न फाटलेले मी इंदूरसाठी बाजूला काढून ठेवायची. आम्ही एकमेकींचं नावही विचारलं नव्हतं. त्यांचा नंबर मी "इंदूर" म्हणून ठेवला होता.

दिवाळीला मुलगी आली. लॅपटॉप उघडून बसली आणि किंचाळलीच. "आई, हे काय? माणसागणिक एकेक कोड? आणि सवलतीसाठी फोन?" तिने ते सगळं पुसलं आणि सगळ्यांना सरसकट सवलत लावून दिली. आता कोड नाही, फोन नाही, पैसे भरताना भाव आपोआप कमी. "तुझ्या डोक्याचा त्रास गेला," ती म्हणाली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तिला काय सांगणार होते? मला इथे करमत नाही, असं तोंडाने म्हणायचं म्हणजे पोरीच्या गळ्यात धोंडा बांधायचा. तिचा संसार, नोकरी. ती म्हणेल, चल हैदराबादला. तिथे आठवा मजला आहे.

मुलगी गेली. ऑर्डरी वाढल्या, हे कबूल करायला हवं. टिंग, टिंग, टिंग. फोन मात्र मुका झाला. बुधवारी जेवण उरकून मी मोबाइल समोर ठेवून बसले. इंदूरचा फोन आला नाही. ऑर्डरही आली नाही. पुढच्या बुधवारीही नाही. मी एक पापड भाजून खाऊन बघितला, मीठ बरोबर होतं, खार बरोबर होता. मग मला राग आला. मिळाली असेल दुसरी कोणी स्वस्तवाली, जा म्हटलं! मग भीती वाटली, बाईंना काही झालं तर नसेल? या वयात काय भरवसा. दोन्ही एकत्रच मनात चाललं होतं.

दुकानदाराने आपण होऊन गिऱ्हाइकाला फोन करायचा नसतो. भाव पडतो. पण तिसऱ्या बुधवारी मी लाज गुंडाळून ठेवली आणि "इंदूर"वर बोट दाबलं.

"नाशिकहून बोलतेय. पापडवाली."

"आली का आठवण!" पलीकडून आवाज खणखणीत होता. माझ्या जिवात जीव आला आणि लगेच तोंड सुटलं.

"तुम्हीच बंद केलंत आणि मला विचारता?"

"मी? दुकान तुम्ही बदललंत. भाव आपोआप कमी. मग मी फोन कशासाठी करू?"

"नुसता करायचा."

"नुसता कसा करू? सून विचारते, कोणाशी इतकं बोलता. पापडाचा भाव करते म्हटलं की तिला वाटतं, सासू पैसे वाचवतेय. नुसतं बोलतेय म्हटलं तर काय वाटेल तिला?"

मी म्हटलं, "बरं, फोन नाही तर नाही. पापड तरी मागवायचे. संपले असतील ना?"

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "खरं सांगते, रागवू नका. मला दात नाहीत हो. आणि नातवंडं नागलीला हात लावत नाहीत, काळे पापड नको म्हणतात. सगळी पाकिटं माझ्या पलंगाखाली आहेत. एकही फोडलेलं नाही."

मी खिडकीशी उभी होते. इंदूरसाठी निवडलेले ते सगळे पापड माझ्या डोळ्यांपुढून गेले. तिथे माझा एक पापडसुद्धा कोणी तोंडात घातला नव्हता.

"रागावलात?" त्यांनी विचारलं.

"हो, रागावले," मी म्हटलं.

पण फोन मी ठेवला नाही. त्यांनीही ठेवला नाही.