मीठ-हळद लागलेला भेजा

"मॅडम, ती शिशी खोलू नका. हाऊ भेजा बिघडेल शे."

दुपारचे तीन वाजले होते. भेजा बिघडलाय, हे सुपडू आत्ता सांगत होता. भारंबे मॅडमचा हात शिशी ठेवलेल्या शिसं धातूच्या डब्यावर होता, तो तिथंच थांबला.

सुपडू जळगावच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचा शिपाई. गाव भडगावकडचं. तीन वर्षं तो पहाटे सायकलला बर्फाचा डबा बांधून जीवराम खाटकाकडं जायचा, ताज्या बोकडाचा भेजा आणायचा. मॅडम त्यातून एक एन्झाइम काढायच्या. पेशीच्या पडद्यातल्या चरबीला फॉस्फेट चिकटवायचं, हे त्याचं काम. ऐकून ऐकून सुपडूलाही पाठ झालेलं. जोडी असते म्हणे. एक राबणारा, दुसरा त्याचा हात धरून बसलेला. बाहेरून इन्सुलिनची हाक आली की पकड ढिली होते, मग पेशी खाते, वाढते. आमच्या गावातही असंच आहे, फक्त हाक कोणी मारत नाही, असं तो म्हणायचा.

फॉस्फेट किती चिकटलं ते मोजायला मुंबईहून किरणोत्सारी फॉस्फरस यायचा. तो चौदा दिवसांत निम्मा होतो. वीज जाण्यायेण्यात महिना गेला, शिशीत एका प्रयोगापुरताच जीव उरला. पुढची शिशी सहा महिन्यांनी.

आज बर्फाचा कारखाना उशिरा उघडला. सुपडू पोचला तोवर ऊन चढलेलं. नेहमीचं गिऱ्हाईक, माल नासू नये, म्हणून जीवरामनं वैशाखातल्या रिवाजानं भेज्याला मीठ-हळद चोळून ठेवली होती. सुपडूनं तो नळाखाली धुतला, वरची पिवळी साल बोटानं सोलली आणि बर्फात घालून आणला. मॅडमनी सकाळभर तो वाटला, मशीनवर फिरवला. सुपडू खाली मान घालून काचेची भांडी धूत राहिला.

सकाळीच का नाही सांगितलं, मॅडमनी विचारलं.

"धवा तं धव्वाफक निंघना. मले वाटनं, चाली जाई." धुतल्यावर पांढराशुभ्र दिसला, म्हणून चालून जाईल असं त्याला वाटलं होतं.

मॅडम रागावल्या नाहीत. रागवायलाही अंगात काही उरलं नसावं. मीठ-हळदीनं आकडा भरवशाचा राहिला नसता, एवढंच म्हणाल्या. शिशीचा डबा त्यांनी परत कपाटात ठेवला आणि दिवसभराचा अर्क मोरीत ओतला. उद्या ताजा भेजा मिळेल का, असं विचारलं. मिळेल, पण बोकड कापून भेजा हातात येईपर्यंत मी जीवरामसमोरच बसणार, असं सुपडू म्हणाला.

अर्काच्या नळ्या मोरीत तशाच पडल्या होत्या. सुपडूनं बाह्या वर केल्या आणि ब्रश उचलला.