डेव्हिडरावांचा मुक्काम आणि माझे रविवार

रविवार हासुद्धा दिवस असतो, हे मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी एका इंग्रज माणसाने शिकवलं.

हा इंग्रज म्हणजे आमचे जावई, डेव्हिडराव. लग्नानंतर लेकीबरोबर पहिल्यांदाच सोलापुरात राहायला आले होते. व्हिसाची अट एकच : एका मुक्कामात जास्तीत जास्त एकशे ऐंशी दिवस. ते मोजायचं काम मी हट्टाने अंगावर घेतलं. (अहो, सरकारी कचेरीत तीस वर्षं रजेचं रजिस्टर माझ्याच ताब्यात होतं!)

रोज सकाळी कॅलेंडरवर एक फुली. रविवार सोडून. दुसरा-चौथा शनिवार सोडून. सणवार तर सोडूनच! किरकोळ रजेत सुट्ट्या धरत नाहीत, मग व्हिसात का धराव्यात?

अशात अधिक महिना लागला. लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना! जावयाला पाटावर बसवून पुरणाचे तेहतीस धोंडे वाढायचे. हुकलं तर पुन्हा थेट तीन वर्षांनी. आमच्या हिचा सगळा जीव त्या पाटावर. गुरुवारी मी ऐटीत जाहीर केलं, "रविवारी धोंडे! अजून सत्तेचाळीस दिवस शिल्लक आहेत." लगेच जेऊरच्या आक्काला आणि होटगीच्या मेव्हण्याला फोनही लावले.

संध्याकाळी डेव्हिडराव हळूच शेजारी येऊन बसले.

"पप्पा, उद्या दुपारी आम्ही निघतो. परवा एकशे ऐंशी."

"कसे काय? रविवार वजा केले का?"

"विमानतळावर रविवारपण धरतात की." (हा 'की' खास सोलापूरचा. आमच्या हिने शिकवलेला.)

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तुम्ही रोज म्हणायचात, अजून लई दिवस आहेत. ऐकायला बरं वाटायचं."

मला भरून आलं. असल्या माणसावर ओरडायचं तरी कसं?

ते काम हिने केलं. माझ्यावर! "तीस वर्षं लोकांच्या रजा खाल्ल्या, आता लेकीचे दिवस खाल्ले!"

शुक्रवारी पहाटेच डाळ शिजली. मी पुरण वाटलं, लेकीने कणीक मळली आणि डेव्हिडरावांनी धोंडे भरले. स्वतःच्या मानाचे धोंडे स्वतःच भरणारा जावई अख्ख्या जिल्ह्यात पहिलाच असेल! अकरा खाल्ले, बावीस पिशवीत घातले. ओवाळताना हिचे डोळे वाहू लागले. ते वाकून तिच्या पाया पडले. म्हणाले, "आई, पुढच्या धोंड्याला रविवार धरून येतो."

गाडी गेली आणि घर एकदम मोठं झालं. शनिवारभर मी कॅलेंडरकडे बघत बसलो. त्या नादात एक गोष्ट साफ विसरलो.

रविवारी अकराला दारात दोन रिक्षा थांबल्या. जेऊरची आक्का, होटगीचा मेव्हणा आणि दोघांची पोरंबाळं. एकूण चौदा!

"जावई कुटं हाय रं?" आक्का.

"शुक्रवारीच गेले."

"आन् जेवान?"

मी आशेने स्वयंपाकघराकडे पाहिलं. दारात ही उभी होती, कमरेवर हात ठेवून.

"आज रविवार की, आक्का. आमच्याकडं रविवार धरत नाहीत!"

शेवटी चौदा माणसांचं पिठलं मी केलं. ते मात्र कुणीच जेवणात धरलं नाही.