साबणाची चव
ओल्या साबणाचा वास आला की मला चिखलीचा तो बाजार दिसतो. सरकीचं तेल आणि लोणारच्या सरोवराचा खार वापरून मी आणि माझ्या वर्गमित्रानं साबण केला होता. त्यासाठी नागपूरच्या आमच्या प्रोफेसरांनी सुट्टीभर प्रयोगशाळेची किल्ली दिली होती, आणि साबणात गाई-डुकराची चरबी नसल्याचा कॉलेजच्या शिक्क्याचा इंग्रजी दाखलाही. तोच मी भर उन्हात मोठ्यानं मराठीत सांगत होतो. समोरची म्हातारी म्हणाली, "कागद काऊन दाखवून राह्यला बापू? चरबी नाही तं खाऊन दाखव." मित्रानं वडी उचलली, अर्धी तोडून चावली आणि गिळली. त्याच्या ओठांवर फेस आला. कोणी हसलं नाही. उरलेली अर्धी वडी माझ्यापुढे धरत तो म्हणाला, "घे बे, तू बी खा." सगळे माझ्याकडे पाहत होते. मला काहीच वाटत नव्हतं. मी दाखल्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. लोक पांगले. एकही वडी खपली नाही. पुढच्या महिन्यात मित्र तहसील कचेरीत कारकून झाला. तो दाखला अजून माझ्यापाशी आहे, घड्यांवर फाटलेला. साबण कसा लागतो, ते मात्र मला आजही माहीत नाही.